गोधडीचा भाव गावातच ठरवून निघा

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

«ताई, नमस्कार. मी वाई तालुक्यातल्या एका गावात राहते. सासूबाई आणि मी हाताने गोधड्या शिवतो. बचत गटातल्या शेजारच्या तिघीही शिवतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या एका हस्तकला जत्रेत आम्हाला पहिल्यांदाच स्टॉल मिळालाय. चार दिवसांचं भाडं ६,००० रुपये भरलंय. नऊ गोधड्या तयार आहेत, घाई केली तर अजून सहा होतील. पाच फूट बाय साडेसात फुटांची एक गोधडी आम्ही दोघी दुपारचे दोन-दोन तास बसलो तर दहा दिवसांत होते. ओळी अर्ध्या इंचावर घालतो. कापड-दोऱ्याला ६५० रुपये जातात. भाव १,२०० ठेवावा असं वाटतं, दुकानात मशीनची तेवढ्याला मिळते. सासूबाईंची मजुरी धरलेली नाही, त्या घरीच असतात. गिऱ्हाइकाने कमी करायला सांगितलं तर किती कमी करावं? पैसे घ्यायला यजमानांच्या फोनचा क्यूआर कोड छापून नेणार आहे. जीएसटीचं काही लागेल का? सासूबाईंना न्यावं का? त्या म्हणतात, मी येऊन काय करू. अजून काय तयारी करू, कळवा.»

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले: «सासूबाईंची मजुरी धरलेली नाही, त्या घरीच असतात.» तुमच्या सगळ्या प्रश्नांची मेख या वाक्यात आहे, म्हणून उत्तराची सुरुवात इथूनच करते.

पत्रातच तुम्ही हिशेब दिलाय, फक्त मांडलेला नाही. दोघी, रोज दोन तास, दहा दिवस, म्हणजे एका गोधडीला ४० तास. १,२०० मधून कापड-दोऱ्याचे ६५० गेले की उरले ५५०. चाळीस तासांना साडेपाचशे म्हणजे तासाला पावणेचौदा रुपये. यात जत्रेचा खर्च अजून आलेलाच नाही. भाडं ६,०००, माल नेण्या-आणण्याची गाडी, चार दिवसांचं खाणं, इकडे-तिकडे जाणं, असे कितीही काटकसर केली तरी चारेक हजार धरा. एकूण झाले १०,०००. नऊच्या नऊ गोधड्या १,२०० ला विकल्या तर कापड वजा जाता तुमच्या हातात ४,९५० रुपये राहतील. म्हणजे सगळा माल संपवून, कौतुक ऐकून, रिकाम्या गाठोड्याने तुम्ही आनंदाने घरी याल आणि पदरचे पाच हजार घालवून आलेल्या असाल.

हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी कापडी पिशव्या नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारीच सगळ्या संपल्या. शेजारच्या स्टॉलवरच्या बायका हेवा करत होत्या आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला, तेव्हा पिशवीमागे तीन रुपये सुटले होते. त्या तीन रुपयांसाठी मी महिनाभर रात्री अकरापर्यंत मशीनवर बसले होते. माल भराभर संपला तो भाव चुकला म्हणून, हे कळायला मला तो कागद लागला. तुम्ही तो कागद निघण्याआधी लिहा.

मजुरी कशी धरायची? बाहेरचा कुठला दर शोधू नका. तुमच्या गावात खुरपणीला गेलं तर सहा तासांची हजेरी काय मिळते? तुमच्या भागात ती तीनशे रुपये असेल असं मी धरते, कमी-जास्त असेल तर आकडा बदला. तासाला पन्नास. हातशिलाईला खुरपणीपेक्षा कमी मोल का असावं? मला तर ते जास्त असावं असं वाटतं, पण सुरुवातीला निदान तेवढं तरी धरा. चाळीस तासांचे २,०००, कापडाचे ६५०, झाले २,६५०. आता जत्रेचा खर्च. चार दिवसांत सगळी मिळून ४०,००० ची विक्री होईल असं धरलं, तर १०,००० खर्च म्हणजे प्रत्येक रुपयातले चार आणे जत्रेचे. ते चार आणे गेल्यावर २,६५० उरायला हवेत, तर भाव ३,५०० च्या आसपास येतो. माझ्या मते तुमच्या गोधडीचा भाव ३,५०० आहे.

तुम्हाला धसका बसला असेल. «एवढ्याला कोण घेणार?» असं आत्ता मनात आलं असेल, ते साहजिक आहे. पण हा प्रश्न मशीनच्या गोधडीशी तुलना केल्यामुळे येतो, आणि ती तुलना तुम्ही स्वतःच करताय, गिऱ्हाइकाने अजून केलेलीच नाही.

एक करून बघा. साठ इंच रुंद, नव्वद इंच लांब, अर्ध्या इंचाला एक ओळ. म्हणजे नव्वद इंचाच्या १२० ओळी. काठापासून आत चौकोनात वळत गेलात तरी एकूण लांबी तेवढीच. १०,८०० इंच, म्हणजे जवळजवळ २७४ मीटर धावदोरा. पाव किलोमीटरहून जास्त अंतर तुम्ही आणि सासूबाई सुई चालवत गेलात, एका गोधडीत. हा आकडा एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहा आणि स्टॉलवर लावा: «या गोधडीत २७४ मीटर हाताचा टाका आहे. ४० तास.» मशीनवाल्या गोधडीबद्दल एक शब्दही वाईट बोलू नका. कुणी म्हणालं की दुकानात बाराशेला मिळते, तर म्हणा, «हो, मिळते, ती मशीनची. ही हाताची आहे, बघा,» आणि गोधडी उलटी करून त्यांच्या हातात द्या. मशीनची शिलाई सलग रेघेसारखी पळते. हाताच्या धावदोऱ्यात टाका दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो आणि प्रत्येक ओळीवर कापड किंचित फुगून येतं. त्या सुरकुतीवरून बोट फिरवलं की माणसाला पुढचं काही सांगावं लागत नाही. ज्याला नको आहे तो जाईल, त्याला जाऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. अजून सहा मोठ्या गोधड्या शिवू नका. सहा गोधड्या म्हणजे २४० तास, आणि पहिल्याच जत्रेत पंधरा मोठ्या गोधड्या खपतील असं धरून चालणं धोक्याचं आहे. साडेतीन हजारांची वस्तू माणूस घरी विचारून, उद्या परत येऊन घेतो. मोठ्या गोधड्या नऊच असू द्या. त्या स्टॉलकडे माणसं ओढतील, काही विकल्या जातील. भाडं निघेल ते मात्र लहान वस्तूंवर.

पहिली वस्तू बाळाचं दुपटं. तीस इंच बाय चाळीस इंचाला मोठ्या गोधडीच्या पावपट कामही लागत नाही, साधारण नऊ तास. कापड दीडशेचं धरलं तर वरच्याच हिशेबाने भाव ८०० येतो. बारशाला, डोहाळजेवणाला काय द्यावं या विचारात असलेल्या बायका पुण्यात काही कमी नाहीत. वीस दुपटी करा. त्यात वरचं आणि खालचं दोन्ही कापड मऊ, सुती आणि आधी धुतलेलं हवं. टिकल्या, जरीचा काठ, मणी काही नको. दुसरी वस्तू आसन, दीड फुटी चौकोन. अडीच तास आणि उरलेल्या तुकड्यांचं कापड, भाव २००. देवघरासाठी, ध्यानाला बसायला, खुर्चीवर टाकायला लोक घेतात आणि एकजण चार-सहा घेतो. अशी चाळीस करा.

तिसऱ्या वस्तूकडे खास लक्ष द्या. तुमची जत्रा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. म्हणजे तोंडावर संक्रांत, आणि पुढे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. पुण्यातली प्रत्येक दुसरी बाई त्या दिवसांत वाण शोधत असते आणि तिला एक नव्हे, पंचवीस, तीस, पन्नास हवे असतात. चिंध्यांमधून ठिगळांचे लहान बटवे मशीनवर शिवले तर एकाला अर्धा तास लागेल आणि ४५ रुपयांना देता येईल. शंभर-दीडशे तयार ठेवा आणि पाटीवर लिहा: «संक्रांतीचं वाण.» बटवे मशीनचे आहेत हेही लिहा. एकाच स्टॉलवर हाताचं काय आणि मशीनचं काय हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तर हाताच्या गोधडीवरचा विश्वास आपोआप वाढतो. तसंच वरचं कापड नवं आणि आतले थर जुन्या धुतलेल्या लुगड्यांचे असतील, तर तेही बिचकत न राहता सांगा. जुनं लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं म्हणून तर गोधडीला ऊब येते, यात लपवण्यासारखं काय आहे?

घासाघीस. भाव कमी करायचा नाही. एकाला कमी केलात की शेजारी उभी असलेली दुसरी ऐकते. जत्रेतली बातमी पटकन पसरते. मोठ्या दोन गोधड्या घेणाऱ्याला एक आसन तुमच्याकडून द्या, पन्नासच्या वर बटवे घेणाऱ्याला ४५ चे ४० करा. एवढ्या दोन सवलती आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. ठरवलेलं असलं की जीभ अडखळत नाही. ऐनवेळी, समोर चांगल्या घरची बाई उभी, ती हसून बोलतेय, सकाळपासून भवानी झालेली नाही, अशा वेळी ठरवायला गेलात तर तुम्ही नक्की हरणार. शेवटच्या दिवशी संध्याकाळी हीच परीक्षा पुन्हा होते. आवराआवर सुरू असताना मुद्दाम येणारी माणसं असतात: «आता परत कुठे नेणार, अर्ध्यात द्या.» परत न्या. गोधडी नासत नाही.

आता क्यूआर कोडबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहाने सांगते. यजमानांचा कोड छापू नका. पैसे त्यांच्या खात्यात जातील, आल्याचा मेसेज त्यांच्या फोनवर वाजेल आणि तो फोन असेल गावाकडे. गिऱ्हाईक म्हणेल पैसे पाठवले, तुम्ही प्रत्येक वेळी घरी फोन करून विचारणार, समोर रांग लागलेली. ही झाली व्यवहाराची अडचण. दुसरी गोष्ट अशी की तुमच्या आणि सासूबाईंच्या कष्टाचा पैसा तुमच्या नावावर जमा व्हायला हवा. पुढे बँकेत कर्ज मागायला गेलात, तर त्या खात्यावरची उलाढालच तुमच्या बाजूने बोलेल. तुमचं स्वतःचं खातं, तुमचा स्वतःचा नंबर, त्यावर यूपीआय. किंवा पाचही जणींचं चालणार असेल तर गटाचं खातं. बँकेची कामं लांबतात, म्हणून याच आठवड्यात बँकेत जा. पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारं ते छोटं यंत्र मिळालं तर घ्या. गिऱ्हाइकाने त्याच्या फोनवरचं चित्र दाखवलं म्हणजे पैसे आले असं धरू नका, तुमच्याकडे मेसेज आला की मगच गोधडी पिशवीत घाला. गर्दीत रेंज जाते, तर दोघींच्या फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. आणि हजार-दीड हजारांचे सुटे, पन्नासच्या आणि शंभरच्या नोटा. पहिलंच गिऱ्हाईक पाचशेची नोट काढतं.

जीएसटीची काळजी सोडा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकायच्या आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा. आधार आणि पॅन कार्डावर ऑनलाइन होते आणि पूर्ण फुकट आहे; कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचं कारागीर ओळखपत्रही असतं, सरकारी मेळ्यांत स्टॉल मागताना त्याचा उपयोग होतो. तुमचा गट ‘उमेद’शी, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाशी, जोडलेला असेल तर मुंबईच्या ‘महालक्ष्मी सरस’ या गटांच्या प्रदर्शनाबद्दल तालुक्याच्या कार्यालयात आत्तापासून विचारत राहा.

पाचजणींचा माल एका स्टॉलवर, म्हणजे भांडणाची शक्यता आहेच. जीव लावणाऱ्या बायकांमध्येही पैशावरून अबोला येतो, मी पाहिलेलं आहे. म्हणून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर माप, कापड, कसं धुवायचं, भाव आणि शिवणारीचं नाव. विकली की चिठ्ठीचा अर्धा भाग फाडून डब्यात टाका. रात्री डबा उघडून हिशेब करा. जिच्या वस्तू विकल्या तिने रुपयातले चार आणे जत्रेच्या खर्चाला द्यायचे. विक्री ४०,००० ला पोचली नाही तर कमी पडलेला खर्च पाचजणींत कसा वाटायचा, हेसुद्धा आधी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

स्टॉल लावण्याचं थोडक्यात. आयोजकांना आजच विचारा: स्टॉल किती बाय किती, भिंती कापडाच्या की प्लायच्या, खिळा मारू देतात का, वर आडवा बांबू बांधता येईल का. लुगड्यांच्या थरांची गोधडी चांगलीच जड असते, कापडी भिंतीला टाचणीने लावली तर भिंतच खाली येईल. सगळ्या गोधड्या टांगू नका. एक पूर्ण उलगडून मागे टांगा, एक बाजेवर किंवा टेबलावर अर्धी पसरा, बाकीच्या घडी घालून काठ बाहेर दिसतील अशा रचा. जत्रेतला दिवा पिवळा असला की निळं-हिरवं सगळं मळकं दिसतं, म्हणून स्वतःचा पांढरा बल्ब आणि लांब वायरचा बोर्ड न्या. जानेवारीत मैदानावर दव पडतं. रात्री माल स्टॉलवर ठेवायचा असेल तर खाली ताडपत्री आणि वर प्लास्टिक हवंच, सुती गोधडी दव पिऊन जड होते आणि कुबट वास धरते. डांबरगोळ्या घालू नका, तो वास गिऱ्हाईक लगेच ओळखतं. निघायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात टाका. लाल आणि गडद निळ्या कापडाचा तुकडा पांढऱ्या फडक्यासोबत भिजवून बघा. रंग जात असेल तर ते कापड दुपट्याला अजिबात वापरू नका.

एक दिवस मोकळा काढा आणि डिसेंबरात पुण्याची भीमथडी जत्रा नुसती बघून या. वाईहून सकाळच्या एसटीने गेलात तर रात्री घरी. विकत काही घेऊ नका. एका स्टॉलपासून चार हात लांब अर्धा तास उभ्या राहा. माणसं कुठे थांबतात, कशाला हात लावतात, भाव विचारायला कशा संकोचतात, पाटी नसली की कशा पुढे निघून जातात, सगळं दिसेल.

राहिल्या सासूबाई. «मी येऊन काय करू,» असं त्या म्हणतात ना? त्यांना सांगा, तिथे बसून शिवायचं. अर्धी झालेली एक गोधडी बरोबर न्या आणि त्यांना स्टॉलच्या तोंडाशी बसवा. त्यांच्या हातात सुई चालताना दिसली की माणसं थांबतील. चाळीस तास म्हणजे काय हे तुमच्या पाटीपेक्षा त्यांचा हात जास्त चांगलं सांगेल. पण त्यांना दिवसभर तिथे बसवून ठेवू नका. खाली मांडी घालून नव्हे, पाठ असलेली खुर्ची. दुपारी दोन तास आडवं व्हायला जागा आहे का आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, हे आयोजकांना विचारायच्या यादीत सगळ्यात वर लिहा. त्या आल्या नाहीत, तब्येतीने जमलं नाही, तरी चिठ्ठीवर त्यांचं नाव मात्र पाहिजेच.

आजपासून एक वही करा. तारीख, कोण बसलं, किती वेळ. त्यांचे तास त्यांच्याच नावापुढे. आणि जत्रेत पहिली मोठी गोधडी विकली गेली, की त्यातले त्यांच्या वीस तासांचे हजार रुपये त्याच रात्री त्यांच्या हातात द्या. घरखर्चाच्या डब्यात नको, त्यांच्या हातात. त्या आधी नको म्हणतील. तुम्ही द्या.